सबनिसांची बिनआवाजी परीक्षा

श्रीनिवास सबनिसांपुढे नवी वस्तू आली की ते आधी तिच्यातली खोट शोधत. हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंदा होता. पण वीसएक वर्षं एकच धंदा केला की दोन्हींतलं अंतर बुजतं.

ते सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी बनवायचं आणि सबनिसांनी ते मोडून दाखवायचं. आधी पुण्यात, मग सिंगापूरला, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत. घरी नवा मिक्सर आला तेव्हा तो झाकणाशिवाय चालू होतो का, हे त्यांनी बघितलं. झाला. भिंतीवरची हिरवी चटणी बायकोने, नीताने, बरेच दिवस पुसू दिली नाही.

"राहू दे," ती म्हणाली, "रिपोर्ट आहे तो."

एक मात्र होतं. सापडलेला दोष सबनिसांनी कधी झाकला नाही, मग तो साहेबाचा असो की स्वतःचा. लग्न ठरण्याआधी दोघं एकदा पर्वतीवर गेले होते. तिथे त्यांनी आपल्यातले दोष नीताला गंभीरपणाच्या क्रमाने सांगितले. किरकोळ दोषांपर्यंत पोचेस्तोवर अंधार पडला. माणूस घोरतो, हट्टी आहे, पण खोटं बोलायचा नाही, असं नीताने घरी सांगितलं आणि लग्न झालं.

बँकेने पुढे तपासणीचं काम हैदराबादला न्यायचं ठरवलं. काम नीट हललं का हे तपासायला सबनिसांनाच नेमलं. त्यांनी जीव तोडून तपासलं. शेवटी लिहून दिलं की काम उत्तम हललं आहे, सिंगापुरात आता कोणाची गरज नाही. बँकेला ते पटलं.

सिंगापुरात राहायचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पास जातो आणि त्याच्या शेपटीला धरून बायकोचा नि मुलीचा पासही जातो. मुलगी इरा शाळेच्या शेवटच्या वर्षाला जाणार होती. सबनिसांनी मिळेल ती नोकरी धरली.

मिळाली ती बुकित बातोकला, घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. कारखान्यांची एक इमारत होती. खाली एसी दुरुस्तीचं वर्कशॉप, वर मॅडम क्वेक यांची कंपनी. चीनमधून हायस्कूलची मुलं सिंगापूरला शिकायला येत. त्यांना इंग्रजी ऐकून आणि वाचून किती कळतं, याची परीक्षा ही कंपनी तयार करत होती. परीक्षेतली खोट शोधायला मॅडमना माणूस हवा होता.

"चीनमधला एक शाळासमूह आपली परीक्षा विकत घ्यायच्या विचारात आहे," मॅडम क्वेक पहिल्या दिवशी म्हणाल्या. "त्यांनी कॉन्ट्रॅक्ट केलं तर मी तुमचा पास वाढवून घेईन. नाही केलं तर मी टॅक्सी चालवीन. टॅक्सीत टेस्टर लागत नाही, मिस्टर सॅब."

सबनिसांचा पास २०१४च्या ऑगस्टमध्ये संपत होता. इराची ओ लेव्हलची, म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा ऑक्टोबरात होती. मधले दोन महिने म्हणजे त्या घराचं सगळं आयुष्य होतं. पुण्याला परत गेलो तर ही मुलगी कुठल्या वर्गात बसणार, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

पहिली चाचणी मे महिन्यात झाली. शाळासमूहाची चाळीसेक मुलं सिंगापुरातच होती, एका हॉस्टेलात राहून कॉलेजप्रवेशाची तयारी करत होती. त्यांना गू नावाचे सर होते, सडपातळ, कायम हसतमुख. एक सभागृह भाड्याने घेतलं. परीक्षा दोन भागांत. आधी ध्वनिमुद्रण ऐकून चार पर्यायांतला एक निवडायचा, मग उतारे वाचायचे.

सबनीस भल्या सकाळी पोचले. खुर्च्या हलवून बघितल्या. एसी खडखडत होता, तो बंद करवला. स्पीकर लावून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शब्द न् शब्द स्वच्छ. मग ध्वनिमुद्रण अडखळलं तर आपल्याला आधी कळावं म्हणून हेडफोन आणले होते, तेही लावून बघितले. उत्तम.

मुलं आली, पेपर वाटले गेले. सबनिसांनी हेडफोन कानाला चढवले, त्याची पिन यंत्रात खोचली आणि बटण दाबलं.

एक बाई आणि एक बुवा ग्रंथालयाच्या वेळेबद्दल बोलू लागले. मग एक मुलगा हरवलेल्या छत्रीबद्दल. मग व्हेल माशांवर एक व्याख्यान. सबनीस मान डोलवत होते. समोर चाळीस डोकी पेपरावर वाकली होती. पेन्सिली चालत होत्या. कोणी हूं की चूं केलं नाही. किती शिस्त, असं सबनिसांच्या मनात आलं.

सगळं आटोपल्यावर वायरी गुंडाळताना त्यांचा हात थांबला. हेडफोनची पिन खोचली की त्या यंत्रातून स्पीकरला जाणारा आवाज बंद पडत होता. त्यांनी पिन काढून बघितली, घालून बघितली, पुन्हा काढून बघितली. शंका उरली नाही. स्पीकर त्यांनी तपासले होते. हेडफोन तपासले होते. दोन्ही एकत्र तपासले नव्हते. हे त्यांच्या धंद्यात शेंबडं पोरही चुकत नाही.

ग्रंथालय, छत्री आणि व्हेल, सगळं एकट्या सबनिसांनी ऐकलं होतं.

गू सर दाराशी मुलांना रांगेत उभं करत होते. सबनिसांनी त्यांना गाठलं.

"सर, आवाज कसा होता?"

"फार छान," गू सर म्हणाले. "अजिबात त्रास झाला नाही."

घरी येऊन सबनिसांनी जेवता जेवता सगळं सांगितलं. नीता भाताचा घास हातात धरून बसली.

"म्हणजे चाळीस मुलं तासभर काहीही न ऐकता बसली?"

"हो."

"आणि एकानेही विचारलं नाही?"

"नाही."

"अरे श्री, मग ती लिहीत काय होती?"

"तेच कळत नाहीये."

"बाबा, दे जस्ट हंटम लाह," इरा म्हणाली. ती घरात मराठी ऐकायची आणि उत्तर सिंगापुरी इंग्रजीत द्यायची.

"म्हणजे?"

"म्हणजे अंदाजाने ठोकून दिलं," नीताने सांगितलं. "सोमवारी जाऊन मॅडमना सांगून टाक."

"सांगणारच आहे."

सोमवारी सबनीस मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, शनिवारच्या चाचणीत एक दोष—"

"मिस्टर सॅब, बसा," मॅडम क्वेक म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "निकाल बघा."

सबनिसांनी बघितला. मुलांना वाचनापेक्षा श्रवणात जास्त गुण होते. हुशार मुलं वर, कच्ची खाली, सगळं पाठ्यपुस्तकात असतं तसं. श्रवणपरीक्षा म्हणून याहून चांगला निकाल त्यांनी बघितला नव्हता.

"तुम्ही काहीतरी म्हणत होता?"

"एसी खडखडत होता," सबनीस म्हणाले.

बाहेर आल्यावर ते लिफ्टपाशी उभे राहिले. त्यांनी स्वतःची समजूत घातली. एकदाच दिसलेल्या दोषाला धंद्यात कोणी विचारत नाही, तो पुन्हा घडवून दाखवावा लागतो. पुढची चाचणी व्यवस्थित आवाजात घेऊ. खरे गुण आणखी चांगले येतील. मग मागचं सांगायला तोंड राहील.

दुसऱ्या चाचणीला त्यांनी हेडफोन घरीच ठेवले. सभागृह तेच, मुलं तीच, प्रश्न नवे. बटण दाबलं आणि स्पीकरमधून एका बाईचा स्वच्छ, खणखणीत आवाज आला. चाळीस डोकी एकदम वर झाली. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या रांगेतल्या मुलीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि वाचत राहिली. मागच्या एकाने खिडकीबाहेर कोणी भांडतंय का ते वाकून बघितलं.

निकाल पडला तो धाडकन. श्रवणात निम्म्या मुलांची दांडी उडाली. गू सरांचं तक्रारीचं पत्र आलं. मॅडमनी सबनिसांना बोलावून ते वाचून दाखवलं. पत्रात लिहिलं होतं की या वेळी सभागृहात शांतता नव्हती. मुलं प्रश्न सोडवत असताना एक बाई आणि एक गृहस्थ सतत बोलत होते. असा प्रकार पुन्हा होऊ नये.

"कोण बाई?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही तिथे होता ना? बाहेर का नाही काढलंत तिला?"

सबनिसांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"प्राचार्या थाओ पुढच्या महिन्यात येताहेत, शाळासमूहाच्या प्रमुख. तिसरी चाचणी त्यांच्यासमोर. तुम्ही टेस्टर आहात. पहिल्या वेळी काय होतं जे दुसऱ्या वेळी नव्हतं, ते शोधा. आणि तिसऱ्या वेळी तसंच करा."

सबनिसांना शोधायचं काहीच नव्हतं. तरी ते गू सरांना भेटायला गेले. हॉस्टेलच्या खालच्या कॉफी शॉपमध्ये दोघं बसले. गू सरांनी दोन कोपी, म्हणजे तिथली कॉफी, मागवल्या. सबनिसांनी भीत भीत विचारलं, पहिल्या वेळी मुलांना ऐकू येत होतं का?

"नाही," गू सर म्हणाले. "मलाही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या डोक्यावर हेडफोन होते. तुम्ही मान डोलवत होता. मला वाटलं सिंगापूरची पद्धत असेल. पाहुण्यांच्या परीक्षेला नावं कशी ठेवणार?"

"आणि मुलं?"

"प्रत्येकाला वाटलं की बाकीच्यांना ऐकू येतंय. आपलीच तयारी कमी पडली. काही जण तर नंतर म्हणाले, खूप वरच्या पातळीची परीक्षा होती."

"पण उत्तरं बरोबर कशी आली?"

गू सरांनी कौतुकाने त्यांच्याकडे बघितलं. हे असं कोणी विचारावं याची ते जणू वाट बघत होते. कोपीच्या बशीवर बोट टेकवून त्यांनी समजावलं. मुलं दहा वर्षांची असल्यापासून अशा परीक्षा देतात. आधी चारही पर्याय वाचायचे. एक अगदीच वेडगळ असतो, तो गेला. दोन एकमेकांसारखे असतात, खरं त्यातच. पुढच्या प्रश्नात मागच्याचं उत्तर दडलेलं असतं. छत्री हरवली म्हटल्यावर ती बसमध्येच सापडणार, घरी सापडली तर प्रश्न कशाला काढतील? आवाज सुरू होईपर्यंत उत्तरं ठरलेली असतात.

"मग आवाज कशाला?"

"खात्री करायला," गू सर म्हणाले. "पण फार लक्ष दिलं तर गोंधळ उडतो. मागच्या वेळी तेच झालं. मुलांना तुमच्या त्या बाईचं म्हणणं खरं वाटलं."

"पण सर, उद्या ही मुलं कॉलेजात जातील. तिथे प्राध्यापक बोलतील. तिथे पर्याय नसतात."

गू सरांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझी मागची मुलं तिथेच आहेत. मला फोन करतात. चिनी भाषेत रडतात."

सबनीस त्या दिवशी एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, न येता बसने घरी आले. उशिरा पोचावं म्हणून. नीता वाट बघत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "हे सांगायलाच हवं, श्री. त्या पोरांचं वाटोळं होईल."

"सांगितलं तर कॉन्ट्रॅक्ट जाईल. पास जाईल."

"माहितीय."

इरा सोफ्यावर गणितं करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, कॅन टेल आफ्टर ओ लेव्हल ऑर नॉट?"

"इरा, गप्प बस," नीता म्हणाली. मग सबनिसांकडे वळली. "तू सांगणार आहेस, मला ठाऊक आहे. म्हणून मी शेजारच्या मीनलशी बोलून ठेवलंय. परीक्षा होईपर्यंत इरा तिच्याकडे राहील. स्टुडंट पासचं काय ते मीनल विचारून बघतेय. आपण दोघं पुण्याला जाऊ. फ्रीजचं गिऱ्हाईकही बघितलंय मी."

"फ्रीज विकलास?"

"बघितलंय म्हटलं. तू सांगितल्यावर विकू."

इराने वही मिटली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. सबनिसांना ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

प्राचार्या थाओ आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, बोलणं मोजकं. इंग्रजी अगदी स्वच्छ. सभागृहात मुलं अजून यायची होती. पुढच्या रांगेत प्राचार्या, शेजारी मॅडम क्वेक, पलीकडे गू सर. टेबलावर यंत्र, आणि यंत्राजवळ मॅडमनी मुद्दाम आणवलेले हेडफोन. पहिल्या वेळी सबनिसांकडे ते होते एवढं मॅडमना गू सरांकडून कळलं होतं. त्याने काय होतं हे त्यांनी विचारलं नव्हतं.

सबनीस उठून उभे राहिले.

"मला एक दोष सांगायचा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिन सांगितली, स्पीकर सांगितले, व्हेल मासे सांगितले. पहिल्या चाचणीत एकाही मुलाने एकही शब्द ऐकला नाही, हे सांगितलं. ते गुण ऐकण्याचे नाहीत, ओळखण्याचे आहेत. दुसऱ्या चाचणीचे वाईट गुण तेच खरे. ही परीक्षा मोडलेली आहे. दोष माझा आणि तो मी दोन महिने झाकून ठेवला. तुम्ही ती विकत घेऊ नका.

मॅडम क्वेक यांच्या चेहऱ्यावर टॅक्सी दिसू लागली. गू सर आपल्या बुटांकडे बघत होते.

प्राचार्या थाओंनी हेडफोनची पिन उचलून बघितली. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "या परीक्षेला स्पीकर लागत नाहीत?"

"लागतात," सबनीस म्हणाले. "पण लावले नव्हते."

"आणि तरी निकाल आला?"

"आला. पण चुकीचा."

"हुशार मुलं वर, कच्ची खाली?"

"हो, पण—"

"मिस्टर सबनीस," प्राचार्या म्हणाल्या. या नोकरीत त्यांचं नाव पूर्ण उच्चारणाऱ्या त्या पहिल्याच. "माझ्या हाताखाली अनेक शाळा आहेत. दर परीक्षेला कुठेतरी स्पीकर बिघडतात. पालक तक्रारी करतात. मागच्या रांगेतल्यांना ऐकू येत नाही म्हणून फेरपरीक्षा घ्यावी लागते. शेजारी बांधकाम असतं, ते थांबवावं लागतं. इतकी वर्षं मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या परीक्षा बघतेय. आवाज नसला तरी चालणारी श्रवणपरीक्षा मला कोणीही दाखवलेली नाही."

"पण बाई, त्यात श्रवण नाही."

"निकाल आहे," प्राचार्या म्हणाल्या. "आणि तुम्ही हे आधीच सांगितलंत. विक्रेते सांगत नाहीत. मला तुमचा विश्वास वाटतो."

मॅडम क्वेक यांच्यात तेवढ्यात जीव आला. त्या म्हणाल्या की हे कंपनीचं नवं तंत्रच आहे, मिस्टर सॅब जरा विनयाने सांगतात. सबनीस म्हणाले, तंत्र नाही, चूक आहे. प्राचार्या हसल्या आणि त्यांनी पेन काढलं. गू सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

ठरलं ते असं. ध्वनिमुद्रण वाजवायचं, नाहीतर परीक्षेला श्रवणपरीक्षा म्हणता येणार नाही. पण ते फक्त पर्यवेक्षकाने हेडफोनवर ऐकायचं, म्हणजे भाग कधी संपला ते कळतं. सिंगापुरातल्या परीक्षांना हे काम सबनिसांनीच करावं, अशी प्राचार्यांची अट होती. माणूस प्रामाणिक हवा, त्या म्हणाल्या.

"पासचे कागद आजच भरते," मॅडम लिफ्टमध्ये म्हणाल्या. "आणि मिस्टर सॅब, पुढच्या वेळी कबुली देण्याआधी मला एक फोन करा. मलाही हृदय आहे."

सबनीस घरी आले. हॉलमध्ये खोके लावून ठेवले होते. नीता भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस." तिने डोळे टिपले आणि दुसरं पातेलं उचललं. "कधीपर्यंत निघायचं?"

"निघायचं नाहीये. पास वाढतोय. कॉन्ट्रॅक्ट झालं."

नीताचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे बघितलं.

"म्हणजे नाही सांगितलंस."

"अगं, सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांना ते आवडलं."

"आवडलं?"

"स्पीकर लागत नाहीत म्हणून."

नीताने पातेलं खाली ठेवलं. सबनिसांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली. प्राचार्या काय म्हणाल्या, आपण काय म्हणालो. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की हे ऐकायला खोटं वाटतंय. जितकं नेमकं सांगावं तितकं जास्त खोटं वाटतंय. "मॅडमना विचार," ते शेवटी म्हणाले. "थांब, फोन लावून देतो."

"त्या कशाला नाही म्हणतील? त्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे."

"गू सरांना विचार."

"श्री, असू दे," नीता हळूच म्हणाली. "मी काही बोलतेय का? पोरीसाठी केलंस. कोणीही केलं असतं."

"पण मी केलंच नाही."

"बरं. नाही केलंस." तिने गुंडाळलेलं पातेलं सोडवलं आणि फळीवर ठेवलं.

इरा खोलीतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती येऊन सबनिसांच्या शेजारी बसली आणि लहानपणी बसायची तसं डोकं त्यांच्या दंडाला टेकवलं.

"थँक यू, बाबा," ती म्हणाली, आणि मग चक्क मराठीत, अडखळत, "तुला किती जड गेलं असेल, मला कळतं."

"इरा, मी खरंच सांगितलं गं."

"ओके लाह, बाबा," ती म्हणाली. "आय वोंट टेल एनीवन."

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. पासबद्दल कोणी काही बोललं नाही. नीताने सबनिसांच्या ताटात गरम पोळी वाढली आणि त्यांनी मागितलं नसताना पोळीवर तूप घातलं.